मुदत

उदगीरला, बियाण्यांच्या दुकानावरची खोली.
फळ्यावर तस्लीमनं चौकोन काढले,
मधे कुणीच नाही,
प्रत्येकाकडे सगळ्यांची वही.
बेचाळीस अक्षरांचा पत्ता, त्याला हाक मारता येईल असं नाव—
कुणी द्यायचं? किल्ली हरवली तर?

म्हटलं, आमच्या बोळात तीन व्यंकट होते:
गिरणीचा, तोतरा अन् निलंग्याहून आलेला.
तलाठ्याला कुणी विचारलं नाही,
मनिऑर्डर बरोबर पोचायची.

ती हसली. मग म्हणाली,
मुदत संपलेलं नाव किती दिवस राखायचं?

आईचं जुनं नाव सोजर.
ताटातल्या तांदळात नवं गिरवलं, त्या दुपारी बुजलं.
अजून औशाची केवळामावशी
बाजारात मागून तशीच हाक मारते,
आणि आई वळते.

फळ्यावर मी लिहिलं: नव्वद दिवस.
तळहातानं पुसलं.