ओढणीची पट्टी

लाइन सकाळपासूनच गेलेली.
गोळेवाल्याकडून बर्फ आणला,
घमेल्यात रचला, मधोमध बीकर,
आणि त्यात सोडली पट्टी
माझ्याच नायलॉनच्या ओढणीची:
सिंदीच्या बाजारातली, काढताना
केसांशी चटचट भांडणारी.

नगराळे मॅडम म्हणाल्या, घाई नको.
पाणी निळसर झालं. मग
धाग्याधाग्यावर चढत गेला
जुन्या बाटलीच्या काचेचा हिरवा.
वाळवली. दोन चिमटे लावले.
मीटरचा काटा
झोपेत कूस बदलावी तसा
हलला, आणि तिथेच राहिला.

घरी सेल लावून दाखवलं,
मोहरीएवढा लाल दिवा.
आई म्हणाली, "खांबावरच्या तारेतून येत नाही,
अन् तुह्या ओढणीतून जाते का वं करंट?"

दुसऱ्या दिवशी तिनं ती
सोड्यात घालून धुतली.
निळी पडली पट्टी. मुकी.

मॅडमना सांगताना मी रडवेली;
त्या आम्लाची बाटली शोधत होत्या.
"बुडव परत," म्हणाल्या, "येईल."
आला हिरवा. काटाही हलला.

आता ती कंपासपेटीत असते माझ्या,
आईच्या
सोड्यापासून लांब.