चाळीसपैकी सतरावं

विश्रामबागला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
सन्मती मगदूमनं डबे टांगले होते भिंतीला.
गोडेतेलाचे, पंधरा किलोचे, पत्र्याचे,
एका कागदावर चार:
राणी, पोपटी, हळदी,
आणि एक असा निळा
जो मी फक्त टेम्पोच्या मागच्या फळीवर पाहिलाय.
कोपऱ्यातला पोचा चौघांना एकाच जागी.

किंमत नऊ हजार.
मी मनात भागाकार केला.
एवढ्यात खरे चार आले असते,
भरलेले.

"चाळीसच काढलेत," तो म्हणाला,
"मग जाळी धुऊन टाकली.
आता मला हवं असलं तरी निघणार नाही."
खाली पेन्सिलीनं १७/४०
आणि उजव्या हाताला सही.

बावीस वर्षं मी पतसंस्थेत सह्या जुळवते.
वेलांटी कुणाची कुठे वळते,
शेवटची रेघ कुणाची दमते, कुणाची फरफटते.
अंगठे घेते ते साक्षीदारासमोर,
शाई पुसायला चिंधी पुढे करून.
तेव्हा चष्मा लावला, वाकले,
आणि सवयीनं तोंडातून गेलं:
जुळत नाही.

कार्डावर तो पूर्ण लिहितो, सन्मती भूपाल मगदूम,
अक्षर न् अक्षर डोक्यावर रेघ घेऊन उभं,
हप्ता थकलेल्या माणसासारखं.
इथे नुसता स,
आणि मग एक उडी.

"ती सही कर्जाची, मॅडम," तो हसला, "ही माझी."
मी म्हटलं, सोमवारी ये, नवीन कार्ड भर.
"पेन्सिलीनं चालेल?"
चालणार नव्हतं.
पण पेन्सिलच का, विचारलं,
तर म्हणाला, बोट फिरवून बघा.
शाई वर बसते, ही आत रुतते.
खळगा झेरॉक्समध्ये येत नाही.
तेवढ्यात खालचं मशीन सुरू झालं,
पायाखालची फरशी थोडी थरथरली.

नऊ हजार मोजून दिले.
पावती मागितली.
पावतीवर त्यानं कार्डावरची सही केली.

घरी ह्यांनी विचारलं, "म्हणजे छपाईच ना?"
हो.
"मग सही कसली?"
मी भात टाकायला आत गेले.
आत आमचा डबा आहे, जोंधळ्याचा,
झाकण कापून बिजागरी लावलेला.
पोचा त्यालाही आहे, पण डावीकडे.

चित्र अजून नळीतच.
गावभागातल्या आमच्या भिंतीवर एकोणीस सालची रेघ आहे,
दोनदा रंग दिला तरी वर येते.
खिळा तिच्या वर ठोकायचा
तर चित्र माळ्याला टेकणार,
बघायला स्टुलावर चढावं लागणार.
तोवर नळी कपाटावर, गादीच्या जुन्या खोळीत.

पाणी आलं तर आधी काय उचलायचं
ते माझं ठरलंय.
घरात सांगितलेलं नाही.