मांजर बाहेर जाते का?

सकाळी साडेनऊपासून डबे येतात.
व्हिक्सची डबी, चिवड्याची पिशवी दुहेरी गाठ मारलेली,
एकदा तर कुंकवाचा करंडा,
"धुऊन परत मिळेल ना?" असं विचारत.

मी नंबर टाकते. आजचा पहिला एक्केचाळीस.
मालक तस्नीम कोकणी, जुनं नाशिक.
मांजर बाबूराव. मादी.
नाव आधी ठेवलं, कळलं नंतर.

फॉर्मवर सात प्रश्न आहेत.
डॉक्टर खैरनारांनी स्वतः टाइप केलेत,
'जंत'वरचा अनुस्वार राहून गेला तो अजून तसाच.
वय काय. बाहेर जाते का. कच्चं मांस, उंदीर.
घरात आणखी किती. पिसवा आहेत का.
जताचं औषध शेवटचं कधी.

गंगापूर रोडचे गायधनी म्हणाले, आमची शुद्ध शाकाहारी.
ते पैसे द्यायला वळले तशी बायको पुटपुटली,
परवा गच्चीवर कबुतराची पिसं होती हो.
मी दोन्ही लिहिलं.

एक मुलगी कागदाच्या पुडीत तांदळाच्या कण्या घेऊन आली,
शेपटीखाली चिकटतात म्हणाली, वाळल्या की गळतात.
कण्या नव्हत्या त्या.
मांजर अंग चाटतं, चाटताना पिसू गिळतं,
पिसवेच्या पोटात पट्टकृमी बसलेला असतो.
तिने पुडी टेबलावर ठेवली
आणि हात फ्रॉकला पुसले, तीनदा.

पाथर्डी फाट्याच्या साइटवरचा हिरामण गावित
चार पिल्लं सिमेंटच्या गोणीत घालून आला.
पोटं नगाऱ्यासारखी, बरगड्या मोजून घ्याव्यात.
आईच्या दुधातूनच येतात, मी सांगितलं.
दुधातून? तो म्हणाला. दुधातूनसुद्धा?
मग मी विचारलं, बाहेर जाते का यांची आई?
ताई, त्याने विचारलं,
आत कुठाय?

मिठाचं दाट पाणी, वर काच, पंधरा मिनिटं.
जड ते खाली बसतं, अंडी तरंगून काचेला लागतात.
एक्केचाळीसमध्ये दोन सापडली,
शिंप्याच्या अंगुस्तानासारखी खड्ड्याखड्ड्यांची,
आपल्याच कामात असलेली.

तस्नीमला पाचवा महिना.
सासूचं म्हणणं, पोटातल्या बाळाला बाधतं,
पोत्यात घालून पुलापलीकडे सोडून या.
नवरा मोबाइलमध्ये.
ज्याची भीती होती ते काचेवर दिसलं नाही.
दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं मी लिहीत नाही.
'या नमुन्यात आढळले नाही'
एवढंच लिहायची मला परवानगी आहे.
बाकी रक्त तपासून डॉक्टरीणबाई सांगतील, हिचं, बाबूरावचं नाही.

खैरनार सासूला म्हणाले, कोथिंबीर धुता?
मटण नीट शिजवता? कुंडीत हात घालता तशाच?
मांजर घरात ठेवा, कच्चं काही घालू नका.
द्राक्षाच्या क्रेटमध्ये वाळू भरलीय ना,
ती रोज उपसायची. रोज. शिळी झाली की बाधते.
आणि चिठ्ठीवर औषधाच्या खाली
मोठ्या अक्षरात लिहिलं : नवऱ्याने.
त्याने मोबाइल खिशात ठेवला.
सासू हसली नाही, पण पोतं
घडी करून पिशवीत घातलं.

सहाला मी स्लाइडी धुते, हात धुते,
सिडकोची बस पकडते.
मेथी तीन पाण्यांतून काढते, जास्तच.
मोरीच्या खिडकीची जाळी वीतभर कापलेली आहे,
मीच कापली, तीन वर्षं झाली.
औषध शेवटचं कधी ते
कॅलेंडरवर लिहिलं होतं, कॅलेंडर मागच्या वर्षीचं.

रात्री दोनला ती येते.
फरशीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज होतो, ओला, छोटा.
दिवसभर मी भिंगातून बघत असते.
आता उठून
दिवा लावत नाही.