पाण्याचा रकाना

दवाखान्याच्या जुन्या वह्या संगणकात उतरवायचं काम
माझ्याकडे आलं, कारण गंगाराम पाष्टे कंपाउंडरचं अक्षर
लागणारा तरीवाडीत मी एकटाच उरलो.
त्याचा र म्हणजे होडीचं सुकाणू, मागे ओढलेलं.

चौदा वह्या. कडा वाळवीने खाल्लेल्या,
तिसरीत एक झुरळ, चपटं, वर्षानुवर्षांचं,
आणि पानापानाला टिंक्चरचा नि सुक्या बांगड्याचा वास.
दवाखाना तेव्हा सोलकरांच्या मासळीच्या वखारीत,
भाडं महिना अकरा रुपये, शाकारणी ज्याची त्याने.

नाव, वय, वाडी, रोग, औषध.
आणि शेवटी, न छापलेला,
पट्टीशिवाय मारलेल्या रेघेपलीकडे
एक रकाना: पाणी.

द्वारकी भुवड, २६, पलीकडची कोंड. अडलेली. पाणी: सुकती.
भिकाजी निवळकर, माडावरून पडला. पाणी: अर्धी भरती.
नाव कळलं नाही, बाई, डोलीतून. पाणी: सुकती.
औषधाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

मला वाटलं, पाणी पाजलं की नाही ते असेल,
किंवा जुलाबाचं काहीतरी.
दोन वह्या तशाच टाइप केल्या.
मग द्वारकीच्याच नोंदीखाली, पानाच्या तळाशी, पेन्सिलीनं:
होडी रुतली. चौघे कमरेइतक्या चिखलात. अडीच तास.
मूल होडीतच. आई होडीतच.

हां.
पलीकडच्या सात वाड्यांनी आजारी पडायचं
तेही चंद्र बघून.
भांगाच्या दिवसांत कळा लागल्या तर नशीब,
उधाणाच्या सुकतीला खाडीचा तळ उघडा,
खेकडे चालतात, माणूस नाही चालू शकत.

त्याच पानाच्या पाठीवर:
यासीन होडेकर, ९, फुरसं, उजवी पोटरी. पाणी: भरती.
तो मी.
होडी बापाचीच. द्वारकीलाही त्यानेच आणलं होतं,
हे मला घरात कुणी सांगितलं नाही
आणि त्याने दोन्ही वेळा वल्हं तेवढंच जोरात मारलं असणार.

महिनाभर खाटेवर होतो. तिथेच हे अक्षर शिकलो,
बाटल्यांवर चिकटवायच्या दातेरी पट्ट्या कापत.
लाल मिक्स्चर, दिवसातून तीनदा.
बाटली घरून आणा,
रॉकेलची नको, हे वेगळं सांगावं लागायचं.
सिस्टर मेरीकुट्टी केरळातून नवीन आलेली.
'सुक्कती' म्हणायची,
आणि नाडी बघायच्या आधी खिडकीतून खाडी बघायची.

पूल झाला तेव्हा वही अकरावी.
उद्घाटनाच्या दिवशीची नोंद एकच:
आबू मुकादम, ४१, पुलावर नाचताना पाय मुरगळला.
पाणी:
पुढे काही नाही. शाईचं एक टिंब,
टाक बराच वेळ टेकवून ठेवल्यासारखं.
दुसऱ्या दिवसापासून रकानाच नाही.

आता तीस खाटा, फरशी, उतरता रॅम्प,
सोनोग्राफीचं यंत्र अजून खोक्यात.
डोलीचा वासा आमच्या मागच्या दारी, त्यावर जाळी वाळतात.
संगणकाच्या फॉर्मात पाण्याला जागा नाही.
साहेब म्हणाले, गाळा ते.

काल रात्री आठ वर्षांची एक पोर आली, फुरसंच.
गाडी होती. पूल होता. भरती होती, दिव्यांत चमकत होती.
डॉक्टरची जागा मार्चपासून रिकामी.
लस फ्रिजमध्ये, किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर.
पाठवली रत्नागिरीला, सत्तर किलोमीटर, घाटाच्या वळणांनी.
अजून फोन नाही.

सकाळी ओपीडीची चालू वही टेबलावर उघडी होती.
तीत लिहायचा मला अधिकार नाही.
पेन्सिल घेतली, तिच्या नावापुढे
हातानेच एक रेघ मारली
आणि पलीकडे लिहिलं: सुकती.