एका दमाला एक दगड

मोखोत्लोंगचा रस्ता बंद होऊन आज नववा दिवस.
खिंडीत बर्फ, बर्फात मक्याच्या पिठाचा ट्रक,
ट्रकात ड्रायव्हर नाही. तो पहिल्याच रात्री
ब्लँकेट गुंडाळून चालत खाली गेला, म्हणतात.
मोखेथीच्या दुकानात आता उरलंय ते:
काड्यापेट्या, बुटाचं पॉलिश
आणि मोखेथी.

मी सकाळी बाहेर पडते. आधी गुडघे, मागून मी.
गोणपाट उचलते.
खाली पालक, रुसल्यासारखा, पण हिरवा.
बिटांचे कान थंडीनं लाल.
दगड काल दिवसभर प्यायलेलं ऊन
अजून थोडं थोडं परत देताहेत.

कमरेइतकं उंच गोल आळं आहे हे,
वाकता न येणाऱ्यांसाठी.
तळाला गंजके डबे, हाडं, मक्याची ताटं,
वर राख, वर शेण, वर माती.
मधोमध काटक्यांची टोपली,
तिच्या तोंडात घरातलं सगळं खरकटं.
आमच्या घरात सगळ्यात जास्त जेवतं कोण,
तर ही.

त्सेलिसो खाणीतून परतला
तेव्हा एक पत्र्याची पेटी आणि खोकला घेऊन आला.
एकतीस वर्षं परक्या जमिनीच्या पोटातून सोनं काढलं,
स्वतःच्या जमिनीच्या पाठीवर
एक कांदा लावला नव्हता.
ओढ्यापासून दारापर्यंत चढ आहे.
एका दमाला एक दगड.
मग बसायचा, छातीतली शिट्टी थांबेपर्यंत.
मग दुसरा.
नात लिमाकात्सो दारामागे कोळशानं रेघा ओढायची.
दोनशे अकरा रेघा आहेत.
मी दार पुसत नाही. बाकी सगळं पुसते.

वर्तुळाला एका बाजूनं खाच आहे.
लोक खाचेकडे बघून उसासे टाकतात,
इथं बिचाऱ्याचा दम संपला, म्हणतात.
लोकांना रडायला जागा लागते.
ती खाच आत शिरायला आहे,
टोपलीपर्यंत हात पोचावा म्हणून.
त्यानं दोरी घेऊन माझी कंबर मोजली होती,
वर म्हणाला, थोडी जास्त सोडतो,
पीक चांगलं आलं तर लागेल.

पाचव्या दिवसापासून शेजारणी वाटी घेऊन येतात.
मी मोरोहोची पानं खुडते, बाहेरची बाहेरची,
गाभ्याला हात लावू देत नाही.
पैसे नको म्हणते.
भांडी धुतलेलं पाणी आणा, बिनसाबणाचं.
चुलीतली राख आणा.
बटाट्याची सालं मात्र कुणी आणत नाही,
सालंही खाताहेत.

मोखेथी सहाव्या दिवशी आला, अंधार पडल्यावर,
टोपी हातात.
हाच म्हणाला होता, म्हातारीनं उकिरड्याला
दगडांचा हार घातलाय.
सीमेपलीकडची कोबी विकायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली,
प्रत्येक कोबी त्याच वजनाची.
केवढ्याला देतेस, म्हणाला.
एका बादलीला, म्हटलं.
तुझ्या घरी सात माणसं, धुण्याचं पाणी ओततोस कुठं?
रस्त्यावर ओततो म्हणाला. तिथं त्याचा बर्फ होतो,
पोरं त्यावरून घसरतात.
दोघंही हसलो. मग त्याला खोकून दाखवायची
गरज उरली नाही.

ट्रक येईल. येऊ दे. मीही पीठ घेईन,
नुसत्या पानांनी पोट भरत नाही,
खोटं कशाला बोलू?
रात्री लिमाकात्सो झोपेत ओठ हलवते,
ती काय खात असते ते मला माहीत आहे.
पण सकाळी पानं असतात.

आज मोखेथीनं विचारलं,
दुकानामागं रिकाम्या डब्यांचा ढीग आहे,
त्याचं असं काही होईल का?
लिमाकात्सो कोळसा घेऊन तयारच होती.
ओढा गोठलाय, दगड सुटायला वेळ लागेल,
पहार घेऊन जा, म्हटलं.
आणि त्याला सांग,
एका दमाला दोन आण.
त्याची छाती शाबूत आहे.