छाट

विडी घरकुलात, दुपारी तीनच्या पत्र्याखाली
मी जुळ्या भावंडांना वाचून दाखवला प्रश्न सातवा:
शेजारणीच्या हजारात साठ विड्या कमी.
आपल्या सुपातल्या गुपचूप घातल्या, तर बरोबर का?

अंबादास ताडकन म्हणाला, "नाही मॅडम.
हजार म्हणजे हजार.
आज साठ, उद्या सगळेच मागतील."
मी लिहिलं: नियम कळतो. गुण चार.

राजमणीची कात्री पानावर तशीच.
"कोण शेजारीण? नरसव्वा?
तिचं बोट चिघळलंय, का कारखान्यानंच पानं फाटकी दिली?
चेकर जुना आहे का नवा?"

अगं, गोष्ट आहे ही. तिला नाव नाही.

"मग कसं सांगू?"
आणि कात्री पुन्हा चालू, कर्र, कर्र.
मी लिहिलं: उत्तर नाही.
गुण एक.

अंबादास बहिणीकडे बघत राहिला बराच वेळ.
"मॅडम, माझं खोडता येईल?"
पेनानं लिहिलं होतं.

उंबऱ्यात दोरा गुंडाळणारी आई
इतका वेळ तेलुगूत काही पुटपुटत होती,
आता मराठीत म्हणाली,
"चेकर रोज मूठभर छाट काढतो, बाई.
नियमानंच काढतो.
त्याला किती देता?"
आणि माझ्या तळहातावर ठेवली एक,
कालची, बाद झालेली.

अशोक चौक आला तरी
मी ती उलटीसुलटी करून बघत होते.
टोकाशी जराशी वाकडी.
पेटली असती.