उकंडरावांचा ब्रश

सदरच्या दुकानात उकंडराव लाटकर
तो ब्रश फक्त रविवारी काढायचे.
शिंगाची मूठ; रेल्वेतल्या कुण्या साहेबानं
बदली होताना दिलेला. केस कशाचे?
"बॅजर. तिकडचं जनावर.
आपल्याकडे नाही राहत बावा."

मागच्या पौषात, काटोल रोडवर,
गोरेवाड्याच्या जाळीपाशी स्कूटर बंद पडली.
दोन वाजले असतील.
नालीतून ते वर आलं:
पोट काळं, पाठ पांढरी,
जणू कोणी फेस लावून ठेवला
आणि वस्तरा लागायच्या आतच
गिऱ्हाईक खुर्चीवरून उठून आलं.
घाई नव्हती त्याला. माझा बूट हुंगला,
पेट्रोलचा वास नापसंत केला,
डांबरावर नखं वाजवत गेलं.

फॉरेस्टातले ढोबळे म्हणाले, चांदी अस्वल.
"बॅजरच्याच भावकीतलं.
चिडलं नाही, नशीब समजा."

रविवारी उकंडरावांना सगळं सांगितलं.
त्यांनी ब्रश गरम पाण्यात बुडवला, झटकला.
तेव्हा वास आला,
ओल्या अंगाचा.
नेहमीच येत असेल कदाचित.
गालावर गोल गोल फिरत होतं काहीतरी,
हुंगत,
हनुवटीखाली उतरत.

"मान वर," उकंडराव म्हणाले.